उखर्डूनानांची घागर

शिवी द्यायलासुद्धा पाणी लागतं. कोरड्या नदीवर शिवी दिली की ती वाहून जात नाही, समोरच्याच्या अंगणात जाऊन पडते. ही गोष्ट मला वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी कळली, आणि ती शिकवणाऱ्या दोन बायांचे आभार मानायला मी हे लिहिते आहे. तिसरे आभार एका माणसाचे आहेत. तो आता नाही.

आमच्या खान्देशात आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, लेकी माहेरी येतात. लिंबाला झोके बांधतात, सांजोऱ्या खातात, सासूच्या तक्रारी सांगतात आणि दुपार कलली की गौराई घेऊन नदीवर जातात. पलीकडच्या काठावर पलीकडच्या गावच्या बाया आलेल्या असतात. मग अलीकडच्या पलीकडच्यांना आणि पलीकडच्या अलीकडच्यांना तासभर शिव्या देतात. गाण्यातून, टाळ्या वाजवून, नावं घेऊन. आजोबापासून नातवापर्यंत कुणी सुटत नाही. माझ्या आजीच्या काळी दगडही यायचे, आता फक्त शब्द येतात. त्या दिवशीची शिवी कुणी घरी नेत नाही. ती नदीत सोडायची आणि ओले पाय घेऊन घरी यायचं.

आमचं गाव जामनखेडे. समोर करंजवाडे. मध्ये नदी, पूल मात्र सहा किलोमीटरवर, साक्रीच्या रस्त्याला. त्यामुळे समोरच्या गावातली माणसं आम्हाला चेहऱ्यानं कमी आणि आवाजानं जास्त माहीत.

मी नूतन. सातवी पास. पुढचं जे काही शिकले ते रद्दीतून. माझा नवरा झुलाल शिलाई मशीन घेऊन आमच्याच घरी राहायला आला, त्यामुळे मला आखाजीला माहेरी जायला उंबरठासुद्धा ओलांडावा लागत नाही. झुलाल रद्दीच्या कागदावर ब्लाउजची मापं लिहितो, मी त्याच कागदाच्या पाठीवर शिव्या जुळवते. वीस वर्षं झाली, गावाच्या शिव्या मीच रचते. एकदा गडबडीत त्यानं एका मास्तरणीला मापाचा कागद दिला, त्याच्या पाठीवर करंजवाड्याचा सरपंच होता. तिनं ब्लाउज दुसरीकडे शिवायला टाकला. कागद परत केला नाही, हेही सांगते.

पलीकडच्या काठाला माझ्या तोडीची एकच बाई. नाव ठाऊक नाही. जाड, भरदार आवाज. आम्ही तिला ‘भोंगा’ म्हणायचो. वीस वर्षं मी तिला नदीच्या रुंदीएवढ्या अंतरावरून पाहत आले. हिरवं लुगडं, उंचावलेला हात, बस्स.

आता उखर्डूनाना.

लेकरं जगत नव्हती म्हणून त्यांच्या आईनं हे बाळ जन्मताच उकिरड्यावर ठेवून परत उचललं आणि नाव उखर्डू ठेवलं. देवाला वाटावं, टाकलेलंच आहे, कशाला न्या. नावात उकिरडा असलेल्या या माणसानं चाळीस वर्षं नदीत एक काडी पडू दिली नाही. ते आमचे पाटकरी. म्हणजे असं, की आमच्या नदीवर जुना दगडी बंधारा आहे, कुणाच्या पणजोबानं बांधला ते कुणाच्या पणजोबालाही ठाऊक नसेल. बंधाऱ्यापाशी पाणी अडतं, तिथं डोह आहे, आणि दोन्ही काठांना एकेक पाट निघतो. एक आमच्या शेतांना, एक त्यांच्या. कुणाच्या शेताची पाळी कधी, पाणी किती वेळ, हे बघणारा तो पाटकरी. दोन्ही गावांचा एकच. चैत्रात घरटी एक माणूस घेऊन पाट आणि डोह साफ करून घेणं हेही त्यांचंच काम.

आखाजीला नाना बंधाऱ्यावर उभे राहायचे. आम्ही दोन्हीकडे जमलो की मधली एक लाकडी फळी वर ओढायचे आणि डोहातलं थोडं पाणी दोन्ही काठांच्या मध्ये सोडायचे. घोटाभर. मी एकदा विचारलं, “नाना, हे कशाला?”

“भांडनमा पानी पाहिजे माय,” नाना म्हणाले, “नहीतं शब्दले धार येस.”

मी हसले. वाटलं, म्हातारा गंमत करतो.

गेल्या कार्तिकात नाना गेले. त्यांच्या जागी कुणाला नेमायचं यावर दोन्ही गावांच्या बैठका झाल्या, म्हणजे आमची आमच्या गावात आणि त्यांची त्यांच्या गावात, त्यामुळे ठरलं काहीच नाही. आम्ही म्हणायचो, आता त्यांची पाळी. ते म्हणायचे, तुमची.

फाल्गुन संपता संपता नानांची बायको बेबाबाई माझ्याकडे आली. हातात कोरी घागर, कुंभाराकडून आणलेली. आखाजीला आमच्याकडे गेलेल्या माणसांच्या नावानं पाण्यानं घागर भरतात, तोंडावर डांगर, म्हणजे खरबूज ठेवतात, पुरणपोळी-आमरसाचा घास दाखवतात. ज्याला जाऊन वर्ष व्हायचं आहे त्याची ही पहिली घागर. ती चुकवायची नसते.

“आखाजीले महिना शे अजून,” मी म्हटलं. “आतेच घागर आणी?”

बेबाबाई बसली. तिचं बोलणं थोडं असतं. चाळीस वर्षं नवरा पाटावर आणि ती घरी, बोलणार कुणाशी.

“ते जाताना सांगी गयात,” ती म्हणाली. “मन्ही घागर नदीना पानीनी भरज्यात. नळना पानीले मी तोंड लावनार नही.”

मी घागर हातात घेतली आणि परत तिच्याजवळच ठेवली. कारण नदीचं पाणी मी त्याच सकाळी पाहून आले होते.

तीन वर्षांपूर्वी करंजवाड्याच्या काठावर प्रेमराज नावाच्या माणसानं मंगल कार्यालय बांधलं होतं. नाना होते तोवर ते रोज जाऊन उभे राहायचे, काही बोलायचे नाहीत, नुसते उभे राहायचे, आणि त्यांना बघून खरकटं दुसरीकडे जायचं. नाना गेले आणि लग्नसराई आली. पत्रावळी, प्लास्टिकचे ग्लास, भाताचे ढीग, सजावटीचा थर्माकोल, सगळं मागच्या दारानं नाल्यात आणि नाल्यातून डोहात. आमच्याकडचेही काही सोवळे नव्हते. अलीकडच्या काठावर कोंबड्यांची पिसं होती, ती काही पोहून आली नव्हती. डोहावर हिरवा तवंग आला होता आणि वास गावापर्यंत. घागर भरायची तर त्या पाण्यानं?

ग्रामपंचायतीत अर्ज दिला. उत्तर आलं की मंगल कार्यालय आपल्या हद्दीत नाही. मग मी डोकं चालवलं, आणि तिथंच चुकलं.

मला वाटलं, आपल्याकडे हत्यार आहे. आखाजीला नाव घेऊन शिवी दिली की माणूस वर्षभर ओशाळतो. मग आखाजीची वाट कशाला बघायची? चैत्रातल्या एका संध्याकाळी, प्रेमराजच्या कार्यालयात साखरपुडा चालू असताना, मी आमच्या बारा-पंधरा बाया घेऊन काठावर गेले आणि सुरू केलं:

प्रेमराजना हॉलमा बँडबाजा वाजस,
खरकटं आमना डोहमा नाचस!

नवरदेव उठना, पंगत उठनी,
पत्रावळनी वरात नदीमा चालनी!

बाया खूश. पलीकडे लोक बाहेर येऊन बघायला लागले. मला चेव आला आणि कागदावर नव्हती ती ओळ तोंडातून गेली:

त्यानी मायनी काय शिकाडं?
आंगन झाडं, नदीमा टाकं!

पलीकडून उत्तर आलं नाही. एक शब्द नाही. भोंगा तिथंच होती, हिरवं लुगडं मला दिसलं. तिनं हात वर केला नाही. वळली आणि निघून गेली. तिच्या मागोमाग सगळ्या गेल्या. आमच्या बाया टाळ्या वाजवत होत्या, त्या हळूहळू थांबल्या. खाली नदी कोरडी. डोह सोडला तर वाळूच वाळू. माझी शेवटची ओळ कुठंच वाहून गेली नव्हती. ती पलीकडे जाऊन पडली होती, मला जवळजवळ दिसत होती.

चार दिवसांनी दूधवाल्यानं निरोप आणला. करंजवाड्याच्या बाया यंदा आखाजीला नदीवर येणार नाहीत. कधीच येणार नाहीत.

“आणि नाल्यात कचरा दुप्पट पडतोय,” त्यानं वर सांगितलं.

झुलाल मशीनवरून मान वर न करता म्हणाला, “दुष्काळातही बाया नदीवर आल्या होत्या, करोनात एका वर्षाचा खंड पडला, पण नदीची आखाजी बंद कुणी पाडली नव्हती. तू पाडली.” माझा नवरा महिन्याला एक वाक्य बोलतो, पण माप अचूक.

बेबाबाईला मी काय सांगणार होते? तिनं माझ्याकडे मदत मागितली आणि मी होतं ते दारही लावून आले. तिच्या घरी गेले तर ती घागर पुसत होती. म्हटलं, “काकी, माफी मागायला जाते. तुम्ही येता का?” तिनं लुगड्याचा पदर खोचला आणि घागर कमरेवर घेतली.

“ती कशाला?”

“ऱ्हाऊ दे,” ती म्हणाली.

पुलावरून गेलो नाही. नदीतूनच गेलो, वाळूतून, भर सकाळी, दोन्ही गावांच्या डोळ्यांदेखत. डोहापाशी नाकाला पदर लावला. बेबाबाईनं लावला नाही. उंबराखाली, जिथं नाना भाकरी खायला बसायचे, तिथं ती क्षणभर थांबली आणि पुढं निघाली.

भोंग्याचं घर विचारावं लागलं नाही. आवाज येत होता. दारात एक ठेंगणी, चष्मा लावलेली बाई कुरडया उलटत होती, आणि एवढ्याशा देहातून तो आवाज बकरीला हाकत होता. वीस वर्षं मी तिला धिप्पाड समजत होते.

तिनं आधी घागर बघितली. “रिकामी घागर लिसन दारमा उन्यात? कोण शेत तुम्ही?”

“मी नूतन. जामनखेडानी.”

तिनं चष्मा वर केला. “अशी व्हय! तूच का ती चिरकी?”

म्हणजे त्यांनीही माझं नाव ठेवलं होतं. मला वाईट वाटायला हवं होतं, पण बरं वाटलं.

“आक्का,” मी म्हटलं, “चुकनं मन्हं. शिवी खरी व्हती, पन महिना चुकना.”

“शिवी बी चुकनी,” ती म्हणाली. “‘शिकाडं’ले ‘टाकं’ जुळस का? वीस वरीसमा इतकी पडेल ओळ तुन्हा तोंडतून आयकी नव्हती.” आणि कुरडई उलटून, माझ्याकडे न बघता, “त्यानी मायनी काय शिकाडं. ती माय मीच शे.”

वच्छलाबाई. प्रेमराजची आई. प्रेमराजला नाव होतं, कार्यालय होतं, बोर्ड होता. त्याला आई असेल आणि ती हीच असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

“भरी सभामा,” ती म्हणाली. “पाव्हनास्ना पुढे. आनि नदीमा थेंब नही. मी उत्तर कशावर सोडू?”

तेव्हा बेबाबाई बोलली.

“ही घागर मन्हा घरवालानी शे. पाटकरी व्हतात ते.”

वच्छलाबाईचा हात थांबला. “उखर्डूभाऊ?”

“हा. नदीना पानीनीच भरज्यात, सांगी गयात.”

वच्छलाबाई उठली. घागरीला हात लावला, तोंडावरून बोट फिरवलं. मग तिनं जे सांगितलं ते बेबाबाईलाही ठाऊक नव्हतं. खूप वर्षांपूर्वी, दुष्काळात, तिचा नवरा गेला होता आणि त्याची पहिली आखाजी होती. माहेरी कुणी उरलं नव्हतं, जायला जागा नव्हती. ती घागर घेऊन बंधाऱ्यावर आली, तर डोहातलं सगळं पाणी आमच्या पाटाच्या पाळीचं, त्यांचा पाट बंद. ती परत फिरली. नानांनी हाक मारली. त्यांच्या पाटाची फळी उचलली, घागर भरेपर्यंत धरली, आणि परत सोडली. दुसऱ्या दिवशी आमच्या गावच्या पंचांनी नानांना बंधाऱ्यावरच सगळ्यांसमोर फैलावर घेतलं.

“मी बांधवर उभी व्हती, आयकी ऱ्हायनी व्हती,” वच्छलाबाई म्हणाली. “त्या इतलंच बोलनात, ‘मरेल मानूसले पाळी ऱ्हास का?’”

बेबाबाई घागरीकडे बघत होती. “घर कधी बोलनात नहीत,” ती म्हणाली. तक्रार नव्हती. जपून ठेवलेली वस्तू अचानक सापडावी तसा आवाज होता.

वच्छलाबाईनं आम्हाला चहा दिला, कुरडयांचा गरम चीक दिला, आणि निघताना मला म्हणाली, “तुले महिना पाहना पडस. मन्हा आंडोरले, प्रेमराजले, शिव्या देवाले माले कोनताच महिना लागत नही.”

दुसऱ्या दिवशी दुपारी कार्यालयात लग्न होतं. पंगत उठली, बँड सुरू व्हायचा होता, आणि एकाएकी स्पीकरवर तो आवाज आला. मी घरात होते, हातातली कात्री टाकून काठावर धावले. अर्धं गाव धावलं. वच्छलाबाईनं बँडवाल्याच्या हातातून माइक घेतला होता. माझ्याच ओळी, एकही न गाळता. बँडवाल्यांना वाटलं कार्यक्रमातलंच आहे, त्यांनी ताशा धरला. आणि शेवटची ओळ तिनं दुरुस्त केली होती:

त्यानी मायनी काय शिकाडं?
शिकाडं नही, तेच नडं!

यमक जुळलं होतं आणि दोषही तिनं स्वतःच्या पदरात घेतला होता. मी काठावर उभी राहून रडले, आणि खरं सांगायचं तर थोडी जळलेही.

संध्याकाळी प्रेमराज वाळूतून चालत आमच्या काठाला आला. चांगला साधासुधा माणूस, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. मी त्याला राक्षस समजत होते. तो म्हणाला, “अक्का, तुम्ही म्हणाल तिथं खड्डा खणतो, म्हणाल तिथं टाकतो. फक्त आईच्या हाती माइक जाईल असं काही करू नका. वऱ्हाडी रेकॉर्ड करून घेऊन गेलेत.”

त्यानं कार्यालयामागं खरकट्याचा खड्डा केला, थर्माकोल बंद केला, नाल्याच्या तोंडाला जाळी लावली. डोह साफ करायला पोकलेन लावतो म्हणाला, एका दिवसाचं काम. सगळ्यांना पटलं. बेबाबाई मध्येच म्हणाली, “नको.”

“का, काकी?”

“खाल चिकन माटी शे. ते सांगेत, डोह म्हंजे मडकं. मडकाना बुडले कोनी पहार मारस का?”

मग जुनीच रीत. घरटी एक माणूस, दोन्ही गावांतून. पहिल्या दिवशी आमचे अलीकडून आणि त्यांचे पलीकडून, मध्ये तिरपे बघत. घमेली हातोहात द्यायची तर मध्यावर कुणीतरी कुणाच्या तरी हातात द्यावंच लागतं, तिथून बोलणं सुरू झालं. काय काय निघालं! ‘शुभ विवाह’ची थर्माकोलची अक्षरं, एक अख्खी गादी, नवरदेवाचा एक बूट. “दुसरा मेहुणीकडे असेल,” वच्छलाबाई म्हणाली. आमच्या काठाच्या पिसांची तीन पोती निघाली, तेव्हा करंजवाड्याच्या बायांनी नुसतं एकमेकींकडे बघितलं. ते आम्ही मुकाट्यानं गिळलं.

सडकं पाणी उपसलं, गाळ निघाला, तरी खालून नवं पाणी येईना. आखाजी पाच दिवसांवर. तळाशी काळी चिखलवट तेवढी. माणसं कमी व्हायला लागली. बेबाबाई रोज यायची, उंबराखाली बसायची, घागर शेजारी.

तिसऱ्या दुपारी ती उठली आणि चिखलात उतरली. उंबराची एक मुळी डोहात जाते, तिच्या कडेनं हातानं चाचपत गेली. “भाकर खाईसन ते आठे हात धुवेत,” ती म्हणाली. “मी येऊ तवय आठलंच पानी थंड लागे.” तिथं काहीतरी गच्च बसलं होतं. मी आणि वच्छलाबाईनं दोन्ही बाजूंनी ओढलं. आमचे हात पहिल्यांदा एकाच चिखलात होते. निघालं ते लांबच लांब मांडवाचं कापड. आणि त्याच्यामागून, अगदी सावकाश, करंगळीएवढं पाणी.

सगळे वाकून बघत राहिले. पहिल्या दिवशी गढूळ आलं. दोन दिवसांनी निवळ. आखाजीच्या आदल्या सकाळी डोहात उंबराची फांदी दिसत होती, वर एक आणि खाली एक.

आखाजीला सकाळी बेबाबाईचा मुलगा, सुरतेला असतो, आलेला होता. त्यानं घागर बुडवली. बुडबुडे येऊन गेले, भरली. बेबाबाईनं तोंडावर डांगर ठेवलं आणि पाण्याकडे बघून एवढंच म्हणाली, “घ्या.”

मला त्या एका शब्दाचा हेवा वाटतो. वीस वर्षं जुळवतेय, असा जुळला नाही.

दुपारी आम्ही गौराई घेऊन काठावर आलो. समोर करंजवाडे उभं होतं, झाडून सगळं. मी कागद काढला, घसा खाकरला आणि थांबले. समोर वच्छलाबाईही हात वर करून थांबली होती. मध्ये वाळू कोरडी. दोघींना एकच आठवण आली असणार, कारण दोघींनी एकदमच बंधाऱ्याकडे बघितलं.

बेबाबाई तिथं उभी होती. आम्ही कुणी सांगितलं नव्हतं. तिनं पदर खोचला, दोन्ही हातांनी मधली फळी धरली आणि वर ओढली. पहिल्यांदा निघाली नाही. दुसऱ्यांदा निघाली. डोहातलं पाणी वाळूवरून पसरत, वाट शोधत आमच्या दोघींच्या मध्ये आलं. घोटाभरही नव्हतं.

“पुरे का व?” बेबाबाईनं वरून विचारलं. नवऱ्याच्या मरणानंतर पहिल्यांदा तिचा आवाज एवढा मोठा ऐकला.

“पुरे!” दोन्ही काठ ओरडले.

मग वच्छलाबाईनं सुरू केलं. माझ्यापासून, माझ्या चिरक्या आवाजापासून, झुलालच्या मापापासून, मास्तरणीच्या ब्लाउजपर्यंत. ते तिला कुणी सांगितलं देव जाणे. एकेक ओळ घडवलेली, नेमकी, जुळलेली. तिनं महिनाभर बसून रचली असणार. आमच्या बाया माझ्याकडे बघत होत्या, उत्तर दे म्हणून. माझ्याकडे कागद होता, दोन्ही बाजूंनी भरलेला. पण मला इतकं हसू येत होतं की तोंडातून शब्दच निघेना, आणि त्या वर्षी जामनखेडे हरलं.

घरी आले तेव्हा पाय ओले होते.